तोल सावरण्याचा अभ्यास : ध्यान, आसने आणि तालीम वर्षानुवर्षे कशी चालवावी

वृक्षासनात एका पायावर उभे राहून लक्ष हळूहळू तळपायाकडे नेले, तर पहिल्याच मिनिटात एक गोष्ट कळते. पाय स्थिर नसतो. अंगठ्याखालचा उंचवटा दाबला जातो आणि सुटतो, टाच किंचित बाहेर झुकते आणि परत येते, घोट्याभोवतीचे स्नायू एकामागून एक ताणले जातात. पाहणाऱ्याला निश्चल वाटणारे शरीर आतून क्षणोक्षणी तोल घालवत असते आणि क्षणोक्षणी सावरत असते. डोळे मिटले की हेच काम कितीतरी अवघड होते, कारण तोल राखण्यासाठी मेंदू डोळे, अंतर्कर्ण आणि पायाच्या सांध्यांतून व स्नायूंतून येणारी जाणीव या तिन्हींवर विसंबलेला असतो, आणि आपण त्यांपैकी एक आधार काढून घेतलेला असतो.

आयुष्याच्या तोलाविषयी कोणी विचारले की मला हा तळपाय आठवतो. नोकरी, घर, प्रकृती आणि छंद यांना वेळेचे सारखे वाटे घालून दिले की संतुलन साधेल, अशी आपली समजूत असते. परंतु मुलाचे आजारपण, मार्चअखेरचे हिशेब, आईचे मोतीबिंदूचे ऑपरेशन असे काही आले की ते वाटे एका दिवसात मोडतात. मला सव्वीस वर्षांच्या अभ्यासातून उमगलेला तोल वेगळा आहे. तोल जाऊ लागला आहे हे लवकर ध्यानात यावे आणि थोडक्यात सावरता यावे, एवढाच त्याचा अर्थ. ही क्षमता शिकता येते. मी रविवार सोडून रोज सकाळी आसने आणि ध्यान, आणि आठवड्यातून तीन संध्याकाळी तालीम, म्हणजे लढण्याच्या कलेचा सराव (माझ्या बाबतीत लाठी), असा क्रम चालवत आलो आहे. तो कसा बसवावा, कोठे जपावे आणि मध्येच तुटला तर काय करावे, ते येथे सांगतो.

तिन्ही का, एकच का नाही

केवळ ध्यान करणाऱ्याचे शरीर जड होत जाते. पाठ वाकते, बैठक म्हणजे डुलकी होऊन बसते, आणि लोकांपासून दूर राहण्यालाच शांती समजण्याची सवय लागते. केवळ आसने करणाऱ्याचे लक्ष शरीरातच गुंतून पडते. हात किती मागे गेला, कपाळ गुडघ्याला टेकले की नाही, यापलीकडे ते जात नाही. केवळ तालीम करणाऱ्याच्या अंगात जोर येतो, पण त्या जोराला थांबायचे कोठे हे कळत नाही आणि पस्तिशीनंतर खांदे आणि गुडघे त्याची किंमत मोजू लागतात. या तिन्ही साधना एकमेकींचा कल सावरतात. आसनांमुळे बैठकीला पाठीचा आधार मिळतो, ध्यानामुळे तालमीतला राग ओळखता येतो, आणि तालमीत समोर दुसरा माणूस उभा असल्यामुळे आपली शांती खरी की नुसतीच एकांतातली, याची परीक्षा आठवड्यातून तीनदा होते.

हा मेळ आपल्याकडे नवा नाही. महाराष्ट्रातल्या गावोगावच्या तालमीत मारुती असतो, आणि जोर-बैठकांना लागण्यापूर्वी त्याला नमस्कार होतो. लोणावळ्याला १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापन करून योगाला प्रयोगशाळेत आणणारे स्वामी कुवलयानंद तरुणपणी बडोद्याला राजरत्न माणिकरावांच्या आखाड्यात तयार झाले होते. योग त्यांनी पुढे योगी माधवदासजींकडे आत्मसात केला. म्हणजे योगाचे शरीरावरील परिणाम मोजू पाहणाऱ्या या माणसाने आधी तालीम केलेली होती. मल्लखांबाकडे पाहिले तर ही सीमारेषा आणखी पुसट होते. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी पुन्हा नावारूपाला आणलेला हा प्रकार मल्लांच्या तयारीचा, पण खांबावरच्या कसरतीत आसनेही आहेत.

आरंभ : पहिले सहा महिने एकच गोष्ट

सर्वांत मोठी चूक म्हणजे तिन्ही एकदम सुरू करणे. उत्साहाच्या भरात माणूस पहाटे चारला उठू लागतो, दोन वर्गांत नाव घालतो, आणि सहाव्या आठवड्यात सारेच सुटते. माझा सल्ला असा, की पहिले सहा महिने केवळ आसने करावीत, आणि तीही शिक्षकांसमोर. आसनांपासून सुरुवात करायची, कारण शरीर सांगते ते लवकर ऐकू येते. मनाचे ऐकू येण्यास वेळ लागतो.

शिक्षक निवडताना एकच पाहावे : ते तुमच्या शरीराकडे पाहून आसन बदलतात, की सर्वांना एकाच साच्यात बसवतात. योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये पुण्याला आले आणि त्यांनी येथेच आयुष्यभर शिकवले. त्यांच्या पद्धतीतले पट्टे, लोड, विटा, खुर्च्या आणि भिंतीतल्या दोऱ्या पाहून नवख्याला वाटते की ही कमकुवत लोकांची सोय आहे. प्रत्यक्षात त्या साहित्यामुळे ताठर माणसालाही आसनाचा अचूक आकार दीर्घकाळ धरता येतो आणि दुखापत टळते. उत्तानासनात, म्हणजे उभ्याने पुढे वाकताना, हात जमिनीला पोहोचत नसतील तर दोन विटांवर टेकवावेत; गुडघे वाकवून, पाठ गोल करून जमीन गाठण्यापेक्षा ते कितीतरी बरे.

हे मी दुखापतीतून शिकलो. एका वर्गात मला पद्मासन येत नव्हते, आणि शिकवणाऱ्यांनी वरून मांडी दाबली. त्या वेळी नाही म्हणणे मला जमले नाही. डाव्या गुडघ्याने त्यानंतर आठ महिने जिना चढताना त्रास दिला. पद्मासनाची मोकळीक खुब्यातून यायला हवी असते. खुबा फिरत नसताना पाय ओढला की तो पीळ गुडघ्यावर पडतो, आणि गुडघा हा मुळात बिजागरीसारखा सांधा असल्यामुळे तो पीळ सोसू शकत नाही. म्हणून वाचकांना आग्रहाने सांगतो : गुडघ्यात, मानेत किंवा कमरेच्या खालच्या भागात बोचरी वेदना आली की तत्काळ थांबावे, कोणी काहीही म्हणो. उच्च रक्तदाब किंवा काचबिंदू असणाऱ्यांनी शीर्षासन, सर्वांगासन अशी उलटी आसने करू नयेत, आणि गरोदरपणी केवळ जाणत्या शिक्षकांच्या देखरेखीखालीच अभ्यास करावा. पोटभर जेवणानंतर तीन ते चार तास जाऊ द्यावेत, हा नियमही साधा असला तरी मोडू नये.

बैठक

सहा महिन्यांनी सकाळच्या आसनांना बैठक जोडावी. दहा मिनिटांपासून आरंभ करावा आणि दर महिन्याला दोन-तीन मिनिटे वाढवत नेऊन अर्ध्या तासापर्यंत न्यावे. चादरीची जाड घडी करून तिच्या कडेवर बसावे, म्हणजे गुडघे कमरेपेक्षा खाली राहतात आणि पाठ आपोआप उभी होते. मांडी घालता येत नसेल तर खुर्चीच्या पुढच्या कडेवर, पाठ न टेकता, दोन्ही तळपाय जमिनीवर ठेवून बसावे. त्यात कमीपणा काही नाही. नाकपुड्यांच्या टोकाशी आत जाणारा आणि बाहेर येणारा श्वास जाणत राहायचे. तो लांब करायचा नाही, मोजायचा नाही. मन निघून जाईल. दुधाचे बिल, साहेबांचे बोलणे, वीस वर्षांपूर्वीचे भांडण, कोठेही जाईल. ते गेले आहे हे ज्या क्षणी कळते, तो क्षण म्हणजे तळपायाने तोल सावरल्याचा क्षण. पुन्हा श्वासावर यायचे, स्वतःला न रागावता. अर्ध्या तासात हे शंभर वेळा घडले तर सावरण्याचा सराव शंभर वेळा झाला, असे समजावे. ती बैठक वाया गेली असे मुळीच समजू नये.

वर्षभर हे चालले की दहा दिवसांच्या एखाद्या शिबिराचा विचार करावा. इगतपुरीच्या धम्मगिरीवर १९७६ पासून विपश्यनेची शिबिरे होत आहेत. पहाटे चारला घंटा होते, रात्री नऊला दिवस संपतो, आणि मधल्या वेळात सुमारे दहा तास बैठक असते. पहिले नऊ दिवस मौन पाळायचे असते. शुल्क नसते, शिबिर पूर्ण केलेल्यांच्या दानावर सारे चालते. नवख्यालाही तेथे प्रवेश मिळतो, तथापि आधी वर्षभर आसने केलेल्या माणसाची पाठ आणि खुबे त्याला तेथे साथ देतात, आणि शरीराशी झुंजण्यात निम्मे दिवस जात नाहीत. ज्यांना गंभीर मानसिक आजार आहे किंवा होऊन गेला आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याखेरीज अशा दीर्घ मौनात जाऊ नये. अर्जातच त्याविषयी विचारणा असते, आणि तिचे उत्तर खरे द्यावे. शिबिरानंतर रोज सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसावे असे सांगितले जाते. संसारी माणसाला ते पहिल्या दिवसापासून जमत नाही. मला संध्याकाळचा तास कधीच टिकवता आला नाही. सकाळची बैठक मात्र, तासाहून लहान का होईना, मी धरून ठेवली, आणि तिच्यावरच बाकीचे उभे राहिले.

तालीम

लढण्याची कला तिसरी यावी, साधारण दीड वर्षाने. कोणती निवडावी, हे वयावर आणि गावावर अवलंबून आहे. मुलाला किंवा विशीतल्या तरुणाला कुस्ती अवश्य लावावी. ताक, लिंबू, हळद, तेल, कापूर घालून मुरवलेली आणि रोज खोऱ्याने उकरून मऊ केलेली आखाड्याची माती अंगाला लागली की पडण्याची भीती जाते. चाळिशीत नव्याने सुरुवात करणाऱ्याने मात्र कुस्तीच्या वाटेला जाऊ नये. त्याच्यासाठी मर्दानी खेळांतली लाठी, कराटेमधील काता (ठरलेल्या हालचालींचा एकट्याने करायचा क्रम) किंवा चिनी परंपरेतील ताई-ची हे योग्य. ज्युदो शिकायचा असेल तर वर्गात आधी पडायला शिकवतात का, ते पाहावे. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोत सुरू केलेल्या या कलेत फेकण्यापूर्वी पडणे शिकतात, त्याला उकेमी म्हणतात : हनुवटी छातीशी, पाठ गोल, आणि तळहाताने चटईवर थाप. नीट पडता येणारा माणूस निर्धास्तपणे उभा राहतो. माझ्या मते लढण्याच्या सर्व कलांमधला हा सर्वांत उपयोगी धडा आहे, आणि तो साठीनंतर तर सर्वांत अधिक कामी येतो.

मी लाठी निवडली, कारण कोल्हापूरला आमच्या पेठेत ती लहानपणापासून पाहिली होती. पण पाहणे वेगळे आणि हाती धरणे वेगळे. वस्तादांनी पहिले तीन आठवडे लाठी फिरवूच दिली नाही. केवळ पवित्रा : पुढचा पाय टाकायचा, वजन त्यावर आणायचे, कंबर न उचलता वळायचे, मागचा पाय पुढे घ्यायचा, पुन्हा वळायचे. मी सारखा पायांकडे पाही. एका संध्याकाळी ते जवळ आले, दोन बोटांनी माझी हनुवटी वर केली आणि म्हणाले, “पायाकडं बघू नगंस, म्होरं बघ. पाय कुठं पळून जात न्हाई.” नजर समोरच्या भिंतीवर स्थिर झाली तशी पावले आपोआप जागेवर पडू लागली. वृक्षासनात शिक्षक समोरच्या एका बिंदूकडे पाहा म्हणतात ते याचसाठी, हे मला त्या दिवशी दोन वेगवेगळ्या विद्यांतून एकदम समजले.

पुढे जोडीने खेळायला लागल्यावर खरी गोष्ट सुरू झाली. समोरच्याची लाठी बोटांवर बसली की कळ डोक्यापर्यंत जाते आणि क्षणात राग येतो. पहिल्या वर्षी मी त्या रागातच पुढचा वार करत असे, आणि तो चुकत असे, कारण रागात श्वास वर अडकतो, खांदे उचलले जातात आणि लाठीचा घेर मोडतो. ध्यानाला बसू लागल्यावर हळूहळू राग येताना दिसू लागला : आधी जबडा आवळतो, मग पोट, मग हात. दिसू लागला तसा तो मावळण्यास वेळ मिळू लागला. हाच जबडा कार्यालयातल्या बैठकीत आवळला जातो तेव्हाही आता मला कळतो, आणि उत्तर देण्यापूर्वी मी एक श्वास पूर्ण सोडतो.

दिवसाची आणि आठवड्याची बांधणी

माझी सकाळ साडेपाचला सुरू होते. आधी सांधे मोकळे करणे आणि सहा ते बारा सूर्यनमस्कार, मग पंचवीस मिनिटे आसने, पाच मिनिटे शवासन, आणि वीस ते तीस मिनिटे बैठक. हा क्रम उलटू नये. अवघडलेल्या शरीराने बसले की मन शरीराच्या तक्रारीच ऐकत राहते. तालीम संध्याकाळी, एक दिवसाआड. तालमीनंतर लगेच ध्यानाला बसू नये, रक्त उसळलेले असते. दहा मिनिटे सावकाश फिरावे, पाय भिंतीला टेकवून पडून राहावे, आणि मग घरी जावे. रविवारी काहीही करू नये. सकाळचे सहा तास आणि संध्याकाळचे तीन, असे आठवड्याच्या १६८ तासांपैकी नऊ तास यात जातात. यापेक्षा अधिक वेळ देऊ पाहणाऱ्या संसारी माणसाने तो वेळ कोणाच्या वाट्याचा आहे, हे आधी तपासावे.

एक वही ठेवावी. तीत रोज एकच ओळ लिहावी : काय केले, झोप कशी झाली, दिवसात तोल कोठे गेला. किती मिनिटे, किती नमस्कार, असे आकडे लिहू नयेत, कारण आकडे लिहिले की माणूस त्यांच्यासाठी अभ्यास करू लागतो. सहा महिन्यांनी मागची पाने वाचली की नमुने दिसतात. माझ्या वहीत तोल जाण्याच्या नोंदी बहुतेक वेळा कमी झोपेच्या रात्रीनंतरच्या होत्या. त्यावरून मी पहाटे उठण्याचा हट्ट सोडून रात्री साडेदहाला दिवे मालवण्याचा नियम केला.

प्रगतीची दुसरी खूण घरच्यांपाशी असते. काही वर्षांपूर्वी मी मुलीवर अभ्यासावरून आवाज चढवला, तेव्हा पत्नीने स्वयंपाकघरातून शांतपणे विचारले, “अहो, आज सकाळी बसला नाहीत का?” मी खरोखरच बसलो नव्हतो. आपल्या साधनेचा परिणाम आपल्याआधी घरच्यांना कळतो, म्हणून अधूनमधून त्यांना विचारावे आणि उत्तर मनापासून ऐकून घ्यावे.

रखरखीत वर्षे

अभ्यास दृढ होण्यासाठी पतंजलींनी तीन अटी सांगितल्या आहेत : तो दीर्घकाळ हवा, खंड न पडता हवा आणि आदराने केलेला हवा. पहिल्या दोन सर्वांना आठवतात. तिसरी, सत्काराची, मला सर्वांत मोलाची वाटते, कारण दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी तीच तारून नेते. पहिल्या वर्षी शरीर भराभर बदलते, लोक कौतुक करतात. त्यानंतर काहीच हलत नाही. पतंजलींनी सांगितलेल्या नऊ अंतरायांमध्ये, म्हणजे अडथळ्यांमध्ये, हेही आहेत : भूमिका, म्हणजे साधनेची पायरी, गाठता न येणे, आणि गाठलेली न टिकणे. या काळात शिक्षक बदलावेसे वाटतात, नवी पद्धत हवीशी वाटते. दोन वर्षे तरी बदलू नये. सतरंजी नीट अंथरावी, लाठी पुसून ठेवावी, वेळेवर जावे, आणि जे काल केले तेच आज पुन्हा लक्ष देऊन करावे.

वय वाढेल तसे प्रमाणही बदलत जाते. विशीत तालीम अधिक, चाळिशीत आसने अधिक, आणि पुढे बैठक अधिक, असा ओघ मला माझ्या आजूबाजूच्या दीर्घ अभ्यासकांत दिसतो. तिन्हींपैकी एकही पूर्ण सोडू नये. लाठी फिरवणे थांबले तरी पवित्र्याची पावले टाकत राहावीत. पडून हाड मोडण्याचे भय ज्या वयात असते, त्या वयात पायांना तोलाची आठवण राहणे फार मोलाचे आहे.

खंड पडल्यावर

खंड पडतोच. १९७९ मध्ये स्कूटरच्या अपघातानंतर अय्यंगारांनाही साठीच्या उंबरठ्यावर पुन्हा आरंभापासून आसने बांधत यावे लागले, आणि ते त्यांनी केले. माझ्या वडिलांच्या आजारपणात अकरा महिने माझी तालीम बंद होती आणि आसने जवळजवळ नव्हती. रुग्णालयाच्या मार्गिकेत, वॉर्डाबाहेरच्या लोखंडी बाकावर पाठ न टेकता पंधरा मिनिटे बसणे, एवढेच उरले होते. नर्सच्या चपला, ट्रॉलीची चाके, कोणाचे तरी रडणे, आणि मध्ये श्वास. ते पुरेसे होते, असे आज मागे वळून पाहताना वाटते.

परत येताना मात्र काळजी घ्यावी. मनाला जुना अभ्यास आठवत असतो आणि शरीराला तो उरलेला नसतो. बहुतेक दुखापती याच पंधरवड्यात होतात. पहिल्या आठवड्यात केवळ ताडासन, भिंतीला टेकून वृक्षासन, आधार घेऊन पुढे वाकणे आणि शवासन करावे, आणि दहा मिनिटे बसावे. दुसऱ्या आठवड्यात तीन सूर्यनमस्कार जोडावेत. तालमीत तिसऱ्या आठवड्यात जावे आणि वस्तादांना स्पष्ट सांगावे की किती महिने खंड पडला. वडील गेल्यावर मी परत गेलो तेव्हा वस्तादांनी काही विचारले नाही. कोपऱ्यातली माझी लाठी आणून हातात दिली, ती फिरवू नकोस म्हणून हाताने खूण केली, आणि स्वतः शेजारी उभे राहून पुन्हा पहिल्या दिवसाचा पवित्रा घ्यायला लावला : पुढचा पाय, वजन, वळण, मागचा पाय.